फलकामागचं टेकाड

पिअर्सन्स लॉक, ओहायो
दि. १९ मार्च १९६१

चि. लॉवेल यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र आणि धुरावलेल्या माशाचा डबा एकाच दिवशी पोचले. पत्र अर्धं पान आणि मासा दोन पौंड, त्यावरून माझ्याबद्दल तुझा काय समज आहे ते कळलं. मासा चांगला होता. सिग्रिडला सांग, गुडघ्याला नुसतं शेकून भागत नाही, उभं राहून इस्त्री करणं आधी थांबव.

इथे सगळं ठीक आहे. चर्चच्या छपराला गळती लागली आहे, आणि पाद्रीबाबा तिच्यावर प्रवचन सोडून सगळे उपाय करून बसले. हार्लन राऊशनं दात बसवून घेतले. दिवसभर तो पलीकडच्या ओट्यावर बसून मला हसून दाखवतो. बासष्टाव्या वर्षी माणसाला एवढं काय हसू येतं, मला कळत नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्या कानावर घालायची आहे. आपल्या जुन्या टेकाडाच्या पायथ्याशी राज्याच्या इतिहासमंडळाचा बिडाचा फलक आहे, तो तू आईच्या मातीला आलास तेव्हा पाहिला असशील. मजकूर असा: या फलकामागच्या टेकाडावर, कालवा खणताना १८३३ साली पटकीने दगावलेले सुमारे चाळीस आयरिश मजूर विसावले आहेत. फेब्रुवारीत बर्फ ढकलणाऱ्या गाडीनं तो फलक आडवा केला. गावाच्या कामगारांनी गेल्या आठवड्यात तो पुन्हा उभा केला, पण रस्त्याच्या पलीकडे, हार्लनच्या बाजूला. मी विचारलं तर म्हणाले, की बाई, इकडे ठेवला तर पुढच्या हिवाळ्यात परत पडेल, आणि तिकडे मोटार थांबवायला जागा पण आहे. फलकाचं तोंड रस्त्याकडे आहे, अक्षरं सुवाच्य आहेत, मग तक्रार कसली, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे आता फलकामागचं टेकाड हार्लनचं झालं. त्याच्या आजोबांनी डुकरांसाठी डबकं खणलं, त्याच्या मातीचा तो ढिगारा. काल क्लीव्हलंडचं एक कुटुंब त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढत होतं. मला आधी हसू आलं, मग नाही आलं. रस्ता चारपदरी होणार अशी आवई आहे, आणि आपला लहानगा भाऊ मेरिट खऱ्या टेकाडावर आहे हे आता जगात फक्त तुला आणि मला ठाऊक आहे.

सिग्रिडला आशीर्वाद. माया आहेच, पत्राची पानं तेवढी वाढव.

तुझी ताई,
ऑर्फा


टकोमा, वॉशिंग्टन
दि. ४ एप्रिल १९६१

ती. ताईस,
लॉवेलचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या हुकुमाप्रमाणे इस्त्री बंद केली. आता मी चुरगळलेले सदरे घालून गिरणीत जातो आणि पोरं विचारतात, घरी भांडण झालं का. इकडे पाऊस चालू आहे. तो कधी बंद होता हे कुणाला आठवत नाही.

फलकाचं वाचून हार्लनच्या डुकरांबद्दल आदर वाटला. शाळेत मास्तर आपल्याला सांगायचे, की इतिहास आपल्या पायाखाली आहे. तेव्हा काय ते नीट कळलं नव्हतं.

रस्त्याच्या गोष्टी लढाईच्या आधीपासून ऐकतोय, त्यामुळे त्याची तू धास्ती घेऊ नकोस. फलक कुठेही असो, टेकाड जिथल्या तिथे आहे. टेकाड बाबांनी एकतीस साली विकलं तेव्हाच आपला त्यावरचा हक्क संपला. मेरिटच्या नावाचा दगड चर्चच्या आवारात आहे, आईबाबा त्याच्या शेजारी आहेत, आणि गावाच्या दृष्टीनं सगळं जागच्या जागी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायला मला सांगू नकोस, मी बाबांना शब्द दिला होता.

तुझ्या दाताचं काय झालं ते लिहिलं नाहीस. हार्लननं बसवले म्हणून हट्टानं तू बसवूच नयेस असं नाही.

धाकट्यावर आहे तो लोभ तसाच राहू द्यावा.

तुझा,
लॉवेल


पिअर्सन्स लॉक
दि. ३१ मे १९६१

चि. लॉवेल यास,
अ. उ. आ.

माझे दात माझे मला पुरेसे आहेत.

काल स्मृतिदिन होता. महिलामंडळानं यंदा ठरवलं, की सैनिकांच्या थडग्यांबरोबर कालव्याच्या मजुरांनाही पुष्पचक्र वाहायचं. सगळ्या जणी टोप्या घालून फलकापाशी जमल्या, आणि फलकामागच्या टेकाडावर, म्हणजे हार्लनच्या ढिगाऱ्यावर, चक्र ठेवून दोन स्तोत्रं म्हणाल्या. हार्लननं सकाळी उठून गवत कापून ठेवलं होतं. नंतर त्यानं सगळ्यांना लिंबाचं सरबत दिलं आणि आजोबांच्या काळच्या आठवणी सांगितल्या, त्यात डुकरं सोडून सगळं होतं. मी मागं उभी होते. अध्यक्षीणबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, की इथे उभं राहिलं की कसं भरून येतं, नाही? मी म्हटलं, की वास तर मला अजून येतो.

आता जे लिहिते ते नीट वाच. रस्ता होणार. मोजणीवाले येऊन गेले आणि तांबडी फडकी बांधलेल्या खुंट्या ठोकून गेले. खुंट्या आपल्या टेकाडावरून जातात, मधोमध. त्यांचा अधिकारी नोवॉत्नी नावाचा तरुण पोरगा आहे, बोलायला गोड आहे, टोपी काढून बोलतो. त्यानं मला नकाशा दाखवला. रस्त्याला वळण द्यायलाच हवं होतं म्हणे, आणि थडग्यांना धक्का लावायचा नाही असा नियम असल्यामुळे त्यांनी फलकामागचं टेकाड राखलं आणि समोरचं मोकळं टेकाड कापायला घेतलं. मी त्याला सांगितलं, की तू उलटं केलंस बाळा, फलकच पलीकडे गेलाय. त्यानं नकाशा फिरवून धरला आणि फलकाकडे पाहिलं. मग म्हणाला, की बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण वरच्या कचेरीत विश्वास चालत नाही. फलक राज्याचा, तो जिथे आहे तिथेच खरा. मात्र कुणी जागा दाखवली तर तिथे एक चर खणून बघता येईल. एकच, कारण टेकाड लांबलचक आहे आणि त्याच्याकडे दोन माणसं आहेत. ऑगस्टच्या मध्याला मोठी यंत्रं येतात.

आणि इथेच घोडं पेंड खातंय. मजुरांवर दगड नव्हते, कुंपण गवतात बुडलंय, आणि ती जमीन उघडलेली पाहणारा आता तू एकटा उरलास. मेरिट गेला त्या दिवशी मी तापात पडलेल्या आईजवळ होते, बाबांबरोबर तू गेला होतास. नक्की कुठे, ते लिहून पाठव.

तूर्त एवढंच. या वेळी उत्तराला लोभापेक्षा घाईची गरज आहे.

ताई


टकोमा
दि. ९ जून १९६१

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी लिहिणार नाही.

राग मानू नकोस. तू जागा दाखवलीस की तो पोरगा खणणार, मग विचारणार, की हे लहान मूल कुणाचं. मग सगळ्या गावाला कळणार, की बाबांनी चर्चच्या आवारात बसवलेल्या दगडाखाली कुणीच नाही. आई पंचवीस वर्षं दर रविवारी तिथे गेली. तिनं तिथे फुलं लावली, त्यांना पाणी घातलं. रिकाम्या मातीला पाणी घालत होती, असं लोक आता तिच्या माघारी म्हणणार आणि तुझं ते टोप्यांचं मंडळ हळहळणार. बाबांनी मला टेकाडावरून उतरताना सांगितलं होतं, की हे तुझ्या आईला कधी कळता कामा नये, आणि घराबाहेर कुणालाच नाही. मी अकरा वर्षांचा होतो पण शब्द म्हणजे काय ते मला कळत होतं.

यंत्रानं माती हलवली तर हलवू दे. मेरिटला आता काय कळणार आहे? जे कळणार ते जिवंत माणसांना.

सिग्रिडचा गुडघा बरा आहे. लोभात अंतर पडू नये, हे मात्र मनापासून.

लॉवेल


पिअर्सन्स लॉक
दि. १८ जून १९६१

चि. लॉवेल यास,
अ. उ. आ.

दोन हजार मैलांवर बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. तुझं पत्र वाचून मी रूबार्बची गोड पेस्ट्री करायला घेतली आणि करपवली, इतकी चिडले होते. आता शांत आहे.

जे मी कधीच सांगायचं नव्हतं ते सांगते. आईला माहीत होतं.

ती जायच्या आदल्या महिन्यात मी तिचे केस विंचरत होते. मी म्हटलं, की या रविवारी मेरिटकडे मी एकटीच जाऊन येईन. तर म्हणाली, की अगं, तो तिथे नाही. मी कंगवा ठेवून विचारलं, की तुला कुणी सांगितलं? म्हणाली, की मी शेतकऱ्याची बायको, खणलेली जमीन आणि न खणलेली जमीन मला कळत नाही होय? पहिल्या वसंतातच कळलं, दगडाखालची हिरवळ अखंड होती. आणि तुझे बाबा टेकाडाच्या कोपऱ्याला नांगर लागू देत नसत, लोक हसले तरी. तापातून उठल्यावर मी त्यांना पहिलं हेच विचारलं होतं, की पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली ना? ते हो म्हणाले. मग त्या एका ‘हो’ म्हणण्यापायी बिचाऱ्यांना दगडापर्यंत जावं लागलं.

मी विचारलं, की मग इतकी वर्षं जात कशाला होतीस? तर म्हणाली, की तुझ्या बाबांसाठी. ते टेकाडावर उघड जाऊ शकत नव्हते. टोपी काढून उभं राहायला त्यांना कुठंतरी जागा नको का? त्यांना काही बोलू नकोस, नाहीतर थांबतील कुठे? मी बोलले नाही. नंतरची पाच वर्षं बाबा एकटे त्या दगडापाशी जाऊन उभे राहत, आणि मी फाटकात थांबत असे. ते गेले तेव्हा बर्फानं गाड्या बंद होत्या म्हणून तू आला नाहीस, असं मी लोकांना सांगते.

तेव्हा तुझ्या शब्दाची झाकली मूठ तू कुणापासून झाकून धरलीस ते बघ. बाबा आईला जपत होते, आई बाबांना. दोघंही सुटले. उरला तो तेवढा टेकाडावर आहे, आणि त्याच्यावरून मालमोटारी जाणार आहेत. त्याला कळणार नाही हे खरं. मला कळेल. रोज खिडकीतून दिसेल.

हार्लन परवा येऊन ओट्यावर बसला. दात खिशात ठेवून आला होता, म्हणजे गंभीर काम. म्हणाला, की ऑर्फा, तू फलक इकडे आणलास तर वळण माझ्यावर येतं. माझी मक्याची कोठी जाते, पुढचं कुरण जातं. मी म्हटलं, की माहीत आहे. म्हणाला, की टेकाडाचं तुला एवढं काय? आयरिश लोक तुझे कोण लागतात? मी त्याला पेस्ट्री दिली, करपलेली. उत्तर दिलं नाही, कारण ते तुझ्या हातात आहे.

आशीर्वाद. अंतर माझ्याकडून पडणार नाही.

ताई


टकोमा
दि. २ जुलै १९६१

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी सिग्रिडला वाचून दाखवलं. मेरिटचं तिला काही माहीत नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं मला बोलू दिलं, मध्ये एक शब्द बोलली नाही.

जागा लिहितो.

आपल्या दारावर अठरा सालच्या फ्लूची पाटी लावली होती आणि बाहेर पडायची बंदी होती, ते तुला आठवतच असेल. थडगी खणणारा माणूस स्वतःच आजारी होता, आणि मयतं रेल्वेच्या शेडमध्ये एकावर एक ठेवत होते. बाबा म्हणाले, की तिथे नाही. आईच्या शिवणयंत्राच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी केली. भर दुपारी हातगाडीवरून नेली, कुणी पाहिलं नाही, सगळं गाव दारं लावून बसलं होतं. मी विचारलं, की टेकाडावर का? तर म्हणाले, की तिथे माणसं आहेत, एकटा पडणार नाही.

दगडी कुंपणाचा कालव्याकडचा कोपरा, जिथे ते हॉथॉर्नचं काटेरी झाड होतं. आधी कुंपणाच्या आत खणलं. कमरेइतकं खाली गेल्यावर मातीचा एक पांढरा चिलीमपाइप निघाला, मग पितळी बटणं, मग हाड. बाबा थांबले. त्यांनी सगळं होतं तसं परत ठेवलं, माती लोटली, आणि त्या माणसाची माफी मागितली, मोठ्यानं. मग कुंपणाच्या बाहेर, त्याच कोपऱ्याला लागून, दुसरा खड्डा घेतला. तुझ्या त्या नोवॉत्नीला आत खणायला सांग, पाइप सापडेल. बाहेर खणू देऊ नकोस.

पेटी ठेवल्यावर बाबा म्हणाले, की काहीतरी म्हण. त्यांना स्वतःला काही येत नव्हतं आणि माझं स्तोत्र पाठ झालेलं नव्हतं. मला पाठ होती ती फक्त बायबलातल्या पुस्तकांची नावं, रविवारच्या शाळेतली. मी तीच म्हणायला लागलो. उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद. बाबा टोपी काढून ऐकत होते. नहेम्यापर्यंत गेलो आणि पुढचं आठवेना. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा नहेम्यापाशी अडलो. बाबा म्हणाले, की पुरे, एवढं चालेल.

चाललं नाही, ताई. मी नंतर चर्चमध्ये बसलो की ती यादी डोक्यात सुरू व्हायची आणि तिथेच थांबायची. इकडे आल्यावर चर्चच सोडलं. बाबांच्या वेळी गाड्या दोन दिवसांनी सुरू झाल्या होत्या, ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

लोभ असू दे.

लॉवेल


पिअर्सन्स लॉक
दि. २० ऑगस्ट १९६१

चि. लॉवेल यास,
अ. उ. आ.

तार मिळाली. सिग्रिडही येते आहे हे वाचून बरं वाटलं. तिला जिना चढावा लागणार नाही अशी खालची खोली झाडून ठेवली आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी हार्लनकडे गेले आणि सगळं सांगितलं, मेरिटचं आणि दगडाचं. त्यानं ऐकून घेतलं. मग उठून दात लावले, कोट घातला आणि सरळ नोवॉत्नीच्या तंबूकडे गेला. तिथे त्यानं चार माणसांदेखत कबूल केलं, की माझं टेकाड म्हणजे डुकरांच्या डबक्याची माती आहे, मी लहानपणी त्याच्यावरून घसरगुंडी खेळलोय, हवं तर लिहून घ्या. महिलामंडळाला ही बातमी संध्याकाळपर्यंत पोचली. अध्यक्षीणबाई तेव्हापासून फलकाकडे न बघता जातात.

चर खणला. तू सांगितलंस तिथे, आत, कमरेइतका. पाइप निघाला, अगदी तसाच. हाडं दिसताच नोवॉत्नीनं माणसांना वर बोलावलं आणि टोपी काढली. मग तो कुंपणाबाहेर यायला लागला, तर मी त्या जागेवर उभी राहिले. म्हटलं, की इथे माझा भाऊ आहे, चार वर्षांचा, इथे तू खणायचं नाहीस. त्यानं पेन्सिल काढली. नकाशावर कुंपण एका कोपऱ्यात थोडं बाहेर वाढवून काढलं, बस्स. खुंट्या शुक्रवारी पलीकडे गेल्या. हार्लनची कोठी पाडली. तो म्हणतो, की तिला उंदीर लागलेच होते. लागले नव्हते.

गावाला कळलं. एकदोघं हसले असतील, माझ्यासमोर कुणी हसलं नाही. चर्चच्या लोकांनी विचारलं, की पोराला दगडाखाली आणायचं का? मी म्हटलं, की दगड तिथे राहू दे, तो बाबांच्या उभं राहण्यासाठी होता. पोरगं आहे तिथे बरं आहे, त्याला शेजार चांगला आहे.

फलक पुन्हा इकडे लावला. बर्फाच्या गाडीसाठी थोडा आत घेतलाय. इतिहासमंडळाचं पत्र आलं होतं, की नव्यानं ओतताना मजुरांचा आकडा बदलायचा आहे का. मी कळवलं, की बदलू नका. सुमारे चाळीस बरोबर आहे, त्यात एक लहान सहज मावतो.

आता तू येताना स्टँडपर्यंत जाऊ नकोस. बसवाल्याला सांग, फलकापाशी उतरव. फलकामागे बघ, हॉथॉर्न गेलं पण खोड आहे, त्याच्याजवळ मी असेन. टोपी घालून ये, म्हणजे काढता येईल.

आणि लॉवेल, नहेम्याच्या पुढे एस्तेर. मग ईयोब, मग स्तोत्रंच. स्तोत्रांच्या दारात जाऊन अडला होतास रे. पुढची सगळी पाठ करून ये, तो ऐकायला थांबलाय.

वाट पाहते आहे, त्यात लोभ आला.

तुझी ताई,
ऑर्फा